कमी वस्तूंचे घर : मार्दोळ येथील एका वर्षाच्या कामाच्या नोंदी

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

आमच्या गोव्यातील मार्दोळच्या घरात पाच माणसे राहतात: आई, मी, माझी पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि आठवीत जाणारा मुलगा. मागच्या महिन्यात माळ्याची एक फळी रात्री मोडली आणि तिच्यावरची खोकी खाली आली. फळीला वाळवी लागली होती, पण ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण ती खोकी सहा वर्षांत कोणी हलवलीच नव्हती. उघडून पाहिले तेव्हा दोन न वापरलेले इलेक्ट्रिक शेगडीसंच, बक्षीस मिळालेली तीन भिंतीवरची घड्याळे, एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर आणि रिकाम्या खोक्यांत ठेवलेली आणखी रिकामी खोकी निघाली. त्या रात्री झोपमोड झाल्याचे काही वाटले नाही. वाईट याचे वाटले की ज्या वस्तूंसाठी आम्ही पैसे दिले आणि ज्यांनी अखेर घराचे लाकूड मोडले, त्यांतील अर्ध्या आमच्या घरात आहेत हेसुद्धा आम्हाला आठवत नव्हते.

आजपासून बारा महिन्यांचे काम ठरवले आहे. अन्न, औषध, शिक्षण आणि दुरुस्तीचे सामान सोडून नवे काही विकत घ्यायचे नाही. घरात काय आहे ते मोजायचे. नको असलेली वस्तू शक्य तोवर ती वापरणाऱ्याच्याच हाती द्यायची. असे काम करू इच्छिणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला आमच्या चुका तरी उपयोगी पडाव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

२१ एप्रिल

मोजणी संपली. पुस्तके सोडून २,३४६ वस्तू आणि एकूण २३ तास. यातील निम्मे तास वाया गेले, कारण पहिल्या दिवशी मी चमचे, हँगर आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटेसुद्धा एकेक करून मोजत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पत्नीने सुचवले की एका कामाच्या लहान वस्तूंचा संच एक धरावा, तेव्हा कामाला गती आली. त्यामुळे आधीचे दोन कागद फाडून पुन्हा लिहावे लागले.

स्वयंपाकघरात प्लास्टिकचे ७१ डबे निघाले आणि त्यांतील १९ डब्यांना झाकण नव्हते. कुकर चार होते, चालणारे दोन. मोबाइलचे चार्जर १४, मोबाइल पाच. कपडे ४१२. कोणती वस्तू घरात कशी आली याची खूण शेजारी करत गेलो, त्यातून जे दिसले ते मोजणीपेक्षा महत्त्वाचे होते. आम्ही गरज म्हणून, विचार करून आणलेल्या वस्तू जवळपास सगळ्या वापरात होत्या. अडगळ झाली होती ती एकावर एक फुकट मिळालेल्यांची, वास्तुशांतीला आणि लग्नांत आलेल्या भेटींची, आणि किंमत उतरली म्हणून रात्री दहानंतर मोबाइलवर मागवलेल्यांची. म्हणून खरेदीची सगळी अॅप आजच काढून टाकली. वस्तू बाहेर कशा काढायच्या हा प्रश्न नंतरचा. त्या येतात ती वाट आधी अडवली नाही तर माळा पुन्हा भरेल.

स्वयंपाकघराच्या दारामागे एक वही टांगली आहे. कुणालाही काही हवेसे वाटले तर तारखेसह तीत लिहायचे आणि ३० दिवस थांबायचे.

२८ एप्रिल

मोठी चूक. कपड्यांच्या नऊ पिशव्या भरून एका संस्थेत नेल्या आणि त्यांतील पाच त्यांनी तिथल्या तिथे परत केल्या. जी बाई कपडे तपासत होती तिने शांतपणे विचारले, "हा शर्ट तुम्ही स्वतः घालाल का?" शर्टाची कॉलर विरलेली होती. मला उत्तर देता आले नाही. मी दान करायला गेलो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी माझा कचरा निवडण्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालत होतो.

परत आलेले कपडे घरी तीन ढिगांत लावले. जुन्या सुती साड्या आणि धोतरे आईने वाकळीसाठी बाजूला काढली. सुती बनियन व टॉवेल पुसणी म्हणून कापले. नायलॉनच्या साड्या पाणी शोषत नाहीत, त्यामुळे त्यांची पुसणी होत नाहीत हे दोन साड्या कापून झाल्यावर कळले. त्या साड्या चुलत भावाने कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, कडेला गुरे आणि रानडुकरे येऊ नयेत म्हणून बांधायला नेल्या.

३ मे

आजची नोंद लिहिणे जड जात आहे. दुपारी आई देवळात गेली असताना भंगारवाला आला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचे मोठे भाण पालथे पडलेले असे. गिझर आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, त्यात कोणी पाणी तापवले नव्हते. सहा किलो भरले. किलोला ५०० रुपये दराने ३,००० रुपये घेतले आणि वहीत समाधानाने आकडा लिहिला.

संध्याकाळी आईने हात-पाय धुताना कोपऱ्याकडे पाहिले. ती रागावली नाही. "ते माझ्या आईने माझ्याबरोबर पाठवले होते," एवढेच म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "तू मला विचारायला हवे होतेस."

५ मे

फोंड्यातील गुदामात भाण सापडले, पण जागा कमी लागावी म्हणून ते एका बाजूने ठोकून चेपले होते. ३,६०० रुपये देऊन परत घेतले. डिचोलीच्या बाजूला एक कारागीर अजून तांब्या-पितळेचे काम करतो, त्याच्याकडे दिले आहे. तो म्हणाला की चेपलेली जागा सरळ होईल, पण ठोक्यांच्या खुणा राहतील. मजुरी ९०० रुपये.

आज सगळ्यांनी बसून नियम बदलला. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या वस्तूंबद्दल ठरवायचे. सामाईक वस्तू सर्वांनी होकार दिल्यावरच हलवायची. आणि आईच्या वस्तूंना, ती स्वतः सांगेपर्यंत, कोणी हात लावायचा नाही. हे काम करणाऱ्या कुणालाही मी हाच नियम पहिल्या दिवशी लिहायला सांगेन. दुसऱ्याची वस्तू काढून टाकणे फार सोपे असते, म्हणूनच हात आधी तिच्याकडे जातो.

१० मे, म्हापसा

आज अक्षय्य तृतीया आणि शुक्रवारही. वर्तमानपत्राची पहिली दोन पाने सोन्याच्या जाहिरातींनी भरलेली होती. आम्ही म्हापशाच्या बाजारात पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या साठ्याच्या, सामानासाठी गेलो. कांद्यांच्या चार माळा, हरमलची मिरची, उकडे तांदूळ, मीठ, चिंच. आईने घरून यादी करून नेली होती आणि यादीबाहेरचे एकही नग तिने घेतले नाही.

या बाजाराने मला बरेच शिकवले. पुरुमेत हाही साठाच आहे, पण पावसाचे चार महिने, घरातली माणसे आणि प्रत्येकाचा घास यांचा हिशेब करून केलेला. आईला ठाऊक असते की एक माळ साधारण किती दिवस पुरते आणि आश्विनात बरण्या रिकाम्या व्हायला हव्यात. आमच्या माळ्यावरच्या साठ्याला असा शेवट नव्हता. तो कधी संपणार हे कुणीच ठरवलेले नव्हते. या कामात मी साठवणे वाईट असे धरून चाललो होतो. ते सोडून दिले. आता प्रत्येक कपाटाला विचारतो की यातले काय, कधी आणि कोण संपवणार.

२६ मे

कोकमाची सोले वाळली, चिनी मातीच्या दोन बरण्यांत भरली. पाच छत्र्या बाजारात बसणाऱ्या कारागिराकडून काड्या बदलून व शिवून घेतल्या, प्रत्येकी ६० रुपये. तीन पंखे हळू फिरत होते. मेन बंद करून तिन्हींचे २.५ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बदलले, प्रत्येकी ७० रुपये. मागच्या वर्षी याच कारणासाठी आम्ही एक नवा पंखा घेतला होता, हे लिहिताना आठवले.

१६ जून

मिक्सर बंद पडला. जळका वास, आत ठिणग्या. दुकानदाराने नवा घ्या म्हणून सांगितले, कारण आमचे मॉडेल आता येत नाही. उघडायला एक तास गेला: तीन स्क्रू दिसत होते, चौथा सापडेना, आणि शेवटी तो खालच्या रबरी पायाच्या आत निघाला. दोनपैकी एक कार्बन ब्रश झिजून चार मिलिमीटरच उरला होता. ब्रशची जोडी ६० रुपयांना मिळाली.

त्यानंतर कपलर, म्हणजे भांडे मोटरला जोडणारा भाग, बदलायचा होता. कंपनीचे नाव सांगून आणलेला कपलर बसला नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे आटे वेगळे असतात. ४५ रुपये आणि एक खेप वाया गेली. जुना भाग सोबत घेऊन गेलो तेव्हा योग्य तो मिळाला. आमच्या मिक्सरचा कपलर नेहमीच्या स्क्रूच्या उलट दिशेने सुटतो हे माहीत नसल्यामुळे मी तो आणखी घट्ट केला होता, आणि अर्धा दिवस त्यातच गेला. म्हणून जोर लावण्याआधी दोन्ही दिशांना हलकेच फिरवून पाहावे.

या सगळ्याला बारा दिवस लागले. तेवढे दिवस वाटण रगड्यावर झाले. पत्नीला हे सोसावे लागले, मला नाही, आणि दुरुस्तीच्या खर्चात तिचे ते तास धरायला हवेत असे तिने सांगितले. ते बरोबर आहे. आठव्या दिवसापासून रगडा मी आणि मुलाने घेतला.

१४ जुलै

मुसळधार पावसाचा दुसरा आठवडा. दर वर्षी या दिवसांत कपाटे उघडली की बुरशीचा वास येतो, चामड्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि रेशमी साड्यांवर डाग पडतात. यंदा कपड्यांची संख्या ४१२ वरून १९७ वर आली आहे आणि हँगरांमध्ये चार बोटांचे अंतर आहे. हवा खेळते. पाचपैकी चार कपाटांत बुरशी नाही. पाचव्यात, म्हणजे माझ्याच कपाटात, मी जागा रिकामी झाली म्हणून गाद्या कोंबल्या होत्या. त्या गाद्यांमुळे दोन सदरे गेले.

दमट हवेत कपडे हे घातल्याने जितके टिकतात तितके ठेवल्याने टिकत नाहीत. ही गोष्ट गोव्यात राहणाऱ्याला कुणी सांगायला नको होती, तरी मी ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलो.

२८ जुलै

दोन स्कूटरींपैकी एक विकली, १४,००० रुपये. गाडी वडिलांच्या नावावर होती आणि ते जाऊन तीन वर्षे झाली होती, त्यामुळे आधी वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ आणि मग विक्रीसाठी २९ व ३० असे दोन टप्पे करावे लागले. मी फक्त दुसऱ्या टप्प्याची कागदपत्रे घेऊन गेलो होतो. माझ्या अपुऱ्या तयारीमुळे चार अर्धे दिवस रजा गेली.

पणजीला कार्यालयात आता बसने जातो. पहिल्या दोन आठवड्यांत संध्याकाळच्या बसचा अंदाज चुकला आणि पाच वेळा मोटारसायकल पायलट, म्हणजे भाड्याची दुचाकी, करावा लागला, त्याचे ७४० रुपये झाले. आता साडेपाचला जागेवरून उठतो. पूर्वी सहापर्यंत बसून जे काम करत असे ते तेवढ्या वेळात होते.

११ ऑगस्ट

जाईंचे दिवस. आई रोज देवळाजवळून जाईची माळ घेते. मुलाने प्रामाणिकपणे विचारले की ही खरेदी वहीत लिहायची का. मी नाही म्हटले. संध्याकाळी माळलेली फूलमाळ सकाळी तुळशीच्या मुळाशी जाते, तिच्यासाठी कपाट लागत नाही, आणि ती गुंफणारी बाई आमच्याच वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, आहे. कमी वस्तूंत राहायचे याचा अर्थ घरातला सुगंध कमी करायचा असा मी कधीच घेणार नाही.

१८ ते २५ ऑगस्ट

वसरीतल्या चार वेतविणीच्या खुर्च्या आजोबांच्या काळच्या आहेत. तिघींच्या बैठका फाटल्या म्हणून आम्ही त्या मागे टाकून प्लास्टिकच्या सहा खुर्च्या घेतल्या होत्या. वर्षभरातले सर्वांत अवघड आणि मला सर्वांत समाधान देणारे काम हेच झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रयत्न नायलॉनच्या दोरीने केला, कारण ती स्वस्त आणि घरात होती. दोन दिवसांत बैठक खोल गेली आणि दोरीने भोकांच्या कडा कापायला सुरुवात केली. लाकडाला इजा होते आहे हे पाहून ती कापून काढली. मग तासलेली वेताची पट्टी आणली, तीन खुर्च्यांसाठी १,१५० रुपये.

वेत अर्धा तास पाण्यात भिजवावा. मी पहिली जुडी रात्रभर ठेवली आणि ती काळी पडली. चकाकणारी बाजू सतत वर ठेवावी लागते. एक फेरा जरी उलटा गेला तरी बसल्यावर तिथेच तुटतो. प्रथम उभे धागे, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, मग आडवे पण या वेळी खाली-वर गुंफत, नंतर दोन्ही तिरपे, आणि शेवटी कडेची पट्टी. चौथ्या फेरीत मी गुंफण्याऐवजी धागे नुसते वरून टाकले. त्या वेळी काही बिघडल्यासारखे वाटले नाही. तिरपा धागा ओढू लागलो तेव्हा तो प्रत्येक घराला अडकू लागला आणि दोन तुटले. दीड दिवसाची वीण उसवली.

पहिल्या खुर्चीला २६ तास लागले, दुसरीला १७, तिसरीला १४. तिसरी मुलीने आणि मी मिळून केली. त्या खुर्चीवर बसताना अजूनही मी हात टेकवून हळू बसतो, कारण तिचा प्रत्येक धागा कुठून आला हे मला माहीत आहे. दुकानातून आणलेल्या कोणत्याही वस्तूबद्दल मला असे कधी वाटले नव्हते. प्लास्टिकच्या सहा खुर्च्या वाड्यावरच्या भजनी मंडळाला दिल्या.

८ सप्टेंबर

काल चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली. थर्मोकोलचे जुने मखर या वर्षी काढले नाही. आजोबांच्या वेळची लाकडी चौकट घासून, आईच्या दोन साड्यांचे पडदे लावले. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान काही कुळागरातून आणि काही बाणस्तारीच्या बाजारातून आणले: सुपारीचे घोस, नारळ, तोरिंज, कांगले, माट्टाची फळे, चिबूड. माटोळीकडे मी यंदा वेगळ्या डोळ्यांनी पाहिले. घरातली सर्वांत सुंदर सजावट, आणि विसर्जनानंतर तिच्यातले काहीही माळ्यावर ठेवावे लागत नाही.

दुसरा प्रसंग मात्र माझ्या हातून बिघडला. पुतणीची लग्नानंतरची पहिली चवथ होती, म्हणून माझ्या थोरल्या भावाच्या घरून तिच्या सासरी वजे, म्हणजे माहेरची भेट, जायचे होते. पूर्वी त्यात नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्या, फळे असत. आता त्यांच्या जोडीला भांड्यांचे संच, चादरी, भेटींची खोकीही असतात. मी ऑगस्टमध्येच भावाकडे जाऊन खोकी टाळण्याविषयी बोललो, आणि बोललो तेही पाहुण्यांसमोर. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा नियम तुमच्या घरात ठेवा. माझ्या मुलीच्या पहिल्या चवथीवर तो नको." त्यांचे बोलणे मला योग्य वाटते. कमी वस्तूंचा आग्रह दुसऱ्याच्या मायेच्या आड आणण्याचा मला अधिकार नव्हता. मी जाऊन वहिनींची क्षमा मागितली.

आमच्या घरचा वाटा म्हणून पत्नीने नेवऱ्या केल्या आणि आईच्या पितळी डब्यात घालून पाठवल्या. पुतणीने तो डबा काकड्या भरून परत केला, कारण आपल्याकडे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत.

२७ ऑक्टोबर

दिवाळी चार दिवसांवर आहे आणि मी नियम मोडला आहे. रात्री अकरा वाजता ब्राउझरमधून २३ अवजारांचा संच मागवला, २,८९९ रुपये. नियमात दुरुस्तीच्या सामानाला सूट होती, तिचाच आधार घेतला. खरे पाहता हाताशी असलेल्या पक्कड आणि दोन पेचकसांनी आतापर्यंतची सगळी कामे झाली होती. वस्तू कमी करण्याच्या कामासाठी वस्तू विकत घेणे, हा मोह मला आधी ओळखता आला नाही, कारण तो चांगल्या कामाच्या वेषात आला होता. टोपल्या, लेबले, कप्पे, सुबक बरण्या यांबाबतही हेच होते, असे पत्नीचे निरीक्षण आहे.

संच परत करता आला असता, पण मी दोन अवजारे वापरून बसलो होतो. आता तो वसरीत ठेवला आहे आणि वाड्यावरच्या चार घरांना सांगितले आहे की लागेल तेव्हा न्यावा. नियमात दुरुस्ती: अवजार आधी शेजारी मागायचे.

१९ डिसेंबर

सुट्टीचा दिवस. माझा पाच वर्षांचा मोबाइल दुपारपर्यंतच चालत असे. १,८०० रुपयांत बॅटरी बदलून घेतली आणि तो आता रात्रीपर्यंत पुरतो. वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केले आहे. तिथे कंपन्यांच्या सेवाकेंद्रांची व सुट्या भागांची माहिती मिळते. दुकानात जाण्याआधी ते पाहावे. माझा एक हेलपाटा त्यामुळे वाचला.

जुने चार्जर, टेपरेकॉर्डर आणि मृत बॅटऱ्या ई-कचरा संकलनात दिल्या. चाकांच्या कचरापेटीवर फुली असलेले चिन्ह ज्या वस्तूवर असते ती घरगुती कचऱ्यात टाकायची नसते, हे मुलाने शोधून सर्वांना दाखवले.

१९ जानेवारी २०२५

मुलगा रडला. त्याचे बूट लहान झाले होते आणि नियमामुळे तो दोन महिने बोलला नाही. बोटांवर फोड आले होते. वर्गातल्या मुलांनी त्याला चिडवलेही होते. आम्ही मोठ्यांनी हा मार्ग निवडला होता. त्याने तो फक्त मानला होता. त्याच संध्याकाळी बूट घेतले. यापुढे मुलांना जे वाढत्या अंगाला लागते ते वहीत न लिहिता आणायचे, आणि त्याचे कारण विचारायचे नाही. या नोंदी वाचून कुणी मुलांसह असे काही करणार असेल, तर ही नोंद आधी वाचावी.

२३ फेब्रुवारी

थंडी संपत आली. भाण डिचोलीहून आल्यापासून हिवाळाभर चुलीवर होते. नारळाची सोडणे, करवंट्या आणि चुडते कुळागरातून मिळतात, त्यामुळे तीन महिने गिझर जवळपास बंद राहिला. पहाटे विस्तव पेटवण्याला वीस मिनिटे जातात आणि पावसाळ्यात ओल्या जळणाने हे जमणार नाही. ठोक्यांच्या खुणा आहेत तशाच आहेत. आई भाण घासताना त्या बाजूला हात थोडा जास्त वेळ फिरवते.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

हिशेब. घरातून ९३६ वस्तू गेल्या: वापरणाऱ्यांना दिल्या ५४८, विकल्या ६१, भंगार व ई-कचरा २०९, पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात ११८. हे शेवटचे ११८ कुणाच्याही उपयोगाचे नव्हते, आणि आम्हीच ते विकत घेतले होते. वर्षात ४३ वस्तू आल्या, त्यांतील २६ भेटी. आज घरात १,४५३ आहेत.

भाण विकून परत आणण्यातला तोटा धरून दुरुस्तीवर ८,००९ रुपये गेले आणि त्यात तो २,८९९ चा अवजारसंचही आहे. विक्री व भंगारातून २५,३५० आले. अन्न, औषध व शिक्षण सोडून आमची खरेदी आदल्या वर्षी बँकेच्या नोंदींनुसार १,३१,००० रुपयांची होती. या वर्षी ३८,४०० ची झाली. दारामागच्या वहीत ५८ वस्तू लिहिल्या गेल्या. ३० दिवसांनंतर त्यांतील नऊच हव्या होत्या आणि चार घेतल्या. उरलेल्या बहुतेक वस्तू कशासाठी हव्या होत्या, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना.

माळ्याची नवी फळी फणसाच्या लाकडाची बसवली आहे आणि वाळवीचे औषध दिले आहे. माळ्यावर आता सातच खोकी आहेत. त्यांत वडिलांची पत्रे, जमिनीचे पोर्तुगीज काळातले कागद आणि त्यांचा रेडिओ आहे. ती आईची असल्याने मी विचारले नाही. परवा तिनेच सांगितले की मे महिन्यात सोले वाळत घातली की दुपारी वेळ असतो, तेव्हा एकेक खोके खाली आण.

वही दारामागे तशीच टांगलेली आहे. आज सकाळी मुलीने तीत पहिल्या पानावर नवी तारीख घातली.